सुलोचनाबाईंना कोणत्या अक्षराखाली ठेवायचं?

एका तरुण कार्यकर्त्याने विचारलं आहे: ‘आमच्या पेठेतल्या मंडळाच्या वाचनालयाला पन्नास वर्षं होतात. त्यानिमित्त कोल्हापूरच्या कला-क्रीडेवर ग्रंथ काढतोय आणि शेवटची नामसूची माझ्याकडे आलीय. आडनाव आधी, नाव नंतर असं ठरवलं होतं. पण सुलोचना, नंदा, शाहू, बालगंधर्व, पेले अशी नावं आली की काम अडतंय. सगळ्यांची आडनावं शोधून त्याखाली टाकू का? आणि या लोकांना एकच नाव पुरतं ते कसं? शिवाय एका जुन्या फुटबॉल संघाच्या फोटोखाली नुसती टोपणनावं लिहिलीत, त्यांचं काय करायचं?’

थेट उत्तर आधी देते. आडनावं शोधा, अगदी कसून शोधा, पण या लोकांना उचलून त्या आडनावांखाली ठेवू नका. नंदा ‘न’खालीच राहू दे, पेले ‘प’खालीच. शोधलेलं आडनाव कंसात येईल, आणि आडनावाच्या जागी एक छोटी ‘पाहा’ नोंद येईल: ‘कर्नाटकी, नंदा: पाहा नंदा’. एवढंच करायचं असतं. पण कुठे करायचं आणि कुठे नाही, हे प्रत्येक नावाला वेगळं ठरवावं लागतं. खरं काम तिथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी एकतीस वर्षं ग्रंथालयात तालिका, म्हणजे पुस्तकांच्या नोंदींची यादी, करण्याचं काम केलं. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं पाच बाय तीन इंचांच्या कार्डांवर, हाताने लिहून. निवृत्त झाल्यापासून लोकांच्या पुस्तकांच्या सूची करून देते. या सगळ्या काळात ज्या नोंदींपाशी मी सर्वांत जास्त वेळ थांबले, त्या एकाच नावाच्या माणसांच्या होत्या. सूचीत माणूस कोणत्या अक्षराखाली जाणार हे त्याच्या जन्मदाखल्यावरून ठरत नाही. वाचक कोणतं नाव डोक्यात घेऊन शेवटच्या पानांकडे वळेल, त्यावरून ठरतं. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं ‘वाचकाचा वेळ वाचवा’ असं आहे. तुमचा ग्रंथ हातात घेतलेली एखादी आजी सुलोचनाबाईंसाठी ‘ल’ काढून लाटकर हे त्यांचं आडनाव शोधत बसणार नाही. ती ‘स’ काढणार.

सुलोचनाबाईंपासूनच सुरू करू, कारण तिथे माझ्याकडून मोठी चूक झाली होती. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका संग्राहकाच्या घरून सिनेमाची जुनी मासिकं आणि कात्रणं वाचनालयात आली. जिथे जिथे ‘सुलोचना’ दिसलं ते सगळं मी एकाच कार्डावर घेतलं. काही महिन्यांनी एक वयस्कर वाचक कार्ड घेऊन टेबलाशी आले आणि म्हणाले, ‘बाई, ह्यातली पहिली चार कात्रणं मूकपटांची आहेत. आपल्या सुलोचनाबाई तेव्हा जन्मल्यासुद्धा नव्हत्या की ओ.’ त्यांचं बरोबर होतं. मूकपटांच्या जमान्यात जिचं नाव देशभर गाजलं ती सुलोचना म्हणजे रूबी मायर्स, १९०७ सालचा जन्म, १९७३ सालच्या दादासाहेब फाळके पुरस्काराची मानकरी. आपल्या सुलोचनाबाई म्हणजे खडकलाटच्या सुलोचना लाटकर, जन्म १९२८. भालजी पेंढारकरांनी त्यांना हे पडद्यावरचं नाव दिलं आणि ते जन्माचं झालं. जून २०२३ मध्ये त्या गेल्या तेव्हाही बातम्यांचे मथळे त्याच नावाने होते. तिसऱ्या सुलोचना चव्हाण, लावणीसम्राज्ञी, १९३३ ते २०२२. सालं नीट पाहिली असती तर हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. तिघींची कार्डं वेगळी करायला मला पूर्ण आठवडा लागला, आणि तेव्हापासून एक सवय लागली: एकटं नाव दिसलं की आधी साल बघायचं.

तुमच्या सूचीत या तिघी आल्या तर अशा येतील. ‘सुलोचना (लाटकर), चित्रपट अभिनेत्री, १९२८–२०२३’ आणि ‘सुलोचना (रूबी मायर्स), मूकपट अभिनेत्री, १९०७–१९८३’ या दोन्ही ‘स’खाली, लागोपाठ. तिसऱ्या मात्र ‘चव्हाण, सुलोचना’ म्हणून ‘च’खाली, कारण त्यांचं नाव तबकडीवर, पोस्टरवर, पुरस्कारात सगळीकडे आडनावासकट येतं. ‘स’खाली त्यांच्यासाठी ‘पाहा’ नोंद ठेवा.

इथून पुढचा मुद्दा निघतो आणि त्यावरच सगळी सूची उभी राहणार आहे. एकच नाव दोन तऱ्हांनी मिळतं. काहींना ते लोकांनी जिव्हाळ्याने दिलेलं असतं, आणि काहींनी स्वतः तेच नाव लावलेलं असतं. लताबाईंना उभा देश नुसतं ‘लता’ म्हणतो. पण त्यांची सही, श्रेयनामावली, तबकडी सगळीकडे ‘लता मंगेशकर’. त्या मंगेशकर कुटुंबाचा मोठा आधार असलेले मास्टर विनायक, त्यांची मुलगी मात्र पडद्यावर आधी ‘बेबी नंदा’ आणि मोठेपणी ‘नंदा’. कर्नाटकी हे आडनाव तिने तिथे लावलंच नाही. १९३९ साली कोल्हापुरात जन्मलेल्या आणि २०१४ मध्ये गेलेल्या या अभिनेत्रीला आडनाव विचारलं तर आजही दहातले नऊजण गप्प बसतील. म्हणून लता ‘म’खाली आणि नंदा ‘न’खाली. आपण किती प्रेमाने हाक मारतो हा निकष नाही. ती व्यक्ती स्वतः कोणतं नाव घेऊन लोकांसमोर उभी राहिली, हा निकष.

‘सचिन’वर ही कसोटी लावून बघा. तुमच्या मंडळातल्या पोरांना विचारलं तर तेंडुलकर. पण तेंडुलकर सूचीत ‘त’खालीच जातील, कारण धावफलकावर आणि विक्रमांच्या यादीत ते आडनावानेच आहेत. मराठी चित्रपटाच्या सूचीत ज्याने एकट्या ‘सचिन’ या नावाने नायक म्हणून कामं केली, चित्रपट दिग्दर्शित केले, ते पिळगांवकर. ते ‘स’खाली. पुलं, गदिमा ही तर आपण केलेली लघुरूपं आहेत. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर पु. ल. देशपांडे, ग. दि. माडगूळकर असतं, म्हणून ‘द’ आणि ‘म’. ‘पुलं’ आणि ‘गदिमा’ इथे ‘पाहा’ नोंदी मात्र अवश्य करा; नवा वाचक तिथेच आधी जातो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, एकच नाव पुरतं कसं. तुम्ही तो सहज विचारला असेल, पण कोल्हापूरच्या सिनेमाची सूची करताना त्याचं उत्तर माहीत असायलाच हवं. बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीतून ‘सैरंध्री’ काढला, तो १९२० साली पडद्यावर आला. त्यात दोन स्त्रियांनी कामं केली, गुलाबबाई आणि अनसूयाबाई. पडद्यासाठी गुलाबबाईंच्या कमलादेवी झाल्या आणि अनसूयाबाईंच्या सुशीलादेवी. त्या वेळी बाईने पडद्यावर उभं राहायचं म्हणजे लोकांची बोलणी खायची. घराण्याचं नाव पोस्टरवर चढवायला कुणाचीही तयारी नसे; आणि ज्या कलावंतिणींना समाजाने घराणंच मानलं नव्हतं, त्यांच्यापुढे आडनाव लावायचा प्रश्नच नव्हता. असं आडनावाशिवायचं नाव रूढ झालं. ‘बाई’ आणि ‘देवी’ ही शेपटं त्या रिकाम्या जागी आली. बारा वर्षांनी, १९३२ मध्ये, ‘प्रभात’ने इथेच कोल्हापुरात ‘अयोध्येचा राजा’ काढला. त्यात दुर्गा खोटे आडनावासकट उभ्या राहिल्या, आणि एका प्रतिष्ठित घरातली सुशिक्षित बाई सिनेमात आली याचीच त्या काळी केवढी चर्चा झाली.

म्हणून स्त्री कलावंतांच्या एकट्या नावाला मी फार जपते. ते नुसतं चटकदार म्हणून घेतलेलं नाव आहे असं समजून पुढे जाऊ नये. पुढे-पुढे तसं झालंही. मधुबाला, नर्गिस, रेखा, श्रीदेवी ही नावं गाजली तोवर एकटं नाव ही पडद्याची रीतच बनली होती, आणि पुरुषांनीही ती घेतली. धर्मेंद्र, जितेंद्र, प्राण. बंगळूरला वाढलेले मराठी शिवाजीराव गायकवाड हे रजनीकांत झाले. पण सुरुवातीच्या त्या बायकांची गोष्ट वेगळी आहे. तुमच्या ग्रंथात कमलादेवी आणि सुशीलादेवी येणारच. त्यांना पडद्यावरच्या नावाखाली ठेवा, कंसात गुलाबबाई आणि अनसूयाबाई लिहा, आणि ‘गुलाबबाई: पाहा कमलादेवी’ ही नोंद विसरू नका. ज्या नावाने त्यांना त्यांच्या घरातले ओळखत होते ते नावही छापलेल्या पानावर कुठेतरी राहिलं पाहिजे. आडनाव मिळालं नाही तर मिळालं नाही. तिथे प्रश्नचिन्ह घालू नका, अंदाजाने आडनाव चिकटवू नका. त्यांच्या नावात काही कमी आहे असं सूचीने दाखवू नये.

ही ‘कमी आहे’ची भावना कागदपत्रांनी आपल्यात भरलेली आहे. फॉर्मवर तीन रकाने असतात, म्हणून माणसाला तीन नावं असलीच पाहिजेत असं वाटतं. आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी तर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असा चार नावांचा क्रम झाला. आईचं नाव कागदावर आलं याचा मला मनापासून आनंद आहे. पण जगात सगळीकडे अशी मांडणी नाही. जावा बेटावरच्या कित्येक लोकांना एकच नाव असतं, त्यांच्याकडे ती जुनी रीत आहे. इंडोनेशियाचे पहिले अध्यक्ष सुकार्नो आणि त्यांच्यानंतरचे सुहार्तो, दोघांचं पूर्ण नाव तेवढंच. पण बाहेरच्या वार्ताहरांना ते अपुरं वाटलं आणि सुकार्नोंच्या नावाआधी ‘अहमद’ लावलं गेलं. हे ‘अहमद सुकार्नो’ कित्येक पुस्तकांच्या सूचींत बसलेले मी स्वतः पाहिले आहेत. अमेरिकेच्या व्हिसावर तर एकच नाव असलेल्या माणसाचं नाव आडनावाच्या रकान्यात जातं आणि नावाच्या रकान्यात ‘एफएनयू’ अशी अक्षरं येतात, म्हणजे पहिलं नाव अज्ञात. माणसाला स्वतःचं नाव पक्कं माहीत असतं. अज्ञात ते रकान्याला. याउलट आइसलँडमध्ये टेलिफोनची छापील डिरेक्टरीच पहिल्या नावाने लावलेली असायची, कारण तिथे बहुतेकांच्या नावापुढे आडनाव नसतं, बापाचं किंवा आईचं नाव असतं. आपली आडनाव-आधीची पद्धत ही अनेकांपैकी एक आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी सूचीतल्या निम्म्या चुका टळतात.

आता कोल्हापुरातली सर्वांत अवघड जागा, राजघराणं. इथे आडनावाखाली कुणालाच टाकायचं नाही, सगळे पहिल्या नावाने. पण नावं पिढ्यान्‌पिढ्या तीच. नुसतं ‘शाहू’ लिहिलंत तर सातारचे शाहू, १६८२ ते १७४९, आणि आपले राजर्षी शाहू, १८७४ ते १९२२, एका ओळीत येतील आणि सव्वाशे वर्षांचं अंतर पुसलं जाईल. शिवाय विद्यमान शाहू छत्रपती आहेतच. राजाराम तर ग्रंथात किमान तीन येतील: शिवछत्रपतींचे पुत्र, १६७० ते १७००, इटलीत फ्लॉरेन्सला ऐन विशीत वारलेले, १८५० ते १८७०, आणि राजर्षींचे पुत्र, १८९७ ते १९४०. मजकुरात लेखकाने ‘राजाराम महाराज’ एवढंच लिहिलेलं असणार. प्रत्येक ठिकाणी परिच्छेद वाचून कोण ते ठरवा आणि सूचीत सालं घाला. पहिला, दुसरा, तिसरा असे आकडे मी वापरत नाही. सातारची आणि कोल्हापूरची गादी वेगळी मोजली की आकडे बदलतात, सालं बदलत नाहीत. ‘घाटगे, यशवंतराव: पाहा शाहू, राजर्षी’ ही नोंद करा, कारण कागलवरच्या प्रकरणात ते दत्तक जाण्याआधीच्या नावाने येतील. ताराराणी आणि ताराबाई यांपैकी मजकुरात जे जास्त वेळा आलं असेल ते मुख्य धरा, दुसऱ्याला ‘पाहा’. आणि ‘ताराबाई पार्क’ हे स्थळ आहे, व्यक्ती नाही. संगणकाला शब्द शोधायला लावलात तर तो दोन्ही एकत्र आणून देईल. तीच गत केशवराव भोसल्यांची. ‘संध्याकाळी केशवरावला प्रयोग आहे’ हे वाक्य माणसाबद्दल नसून नाट्यगृहाबद्दल आहे, हे कोल्हापूरकराला सांगावं लागत नाही, यंत्राला लागतं.

गावातलं एक नाव गावाबाहेर पुरत नाही, हेही बघा. आपण ‘खाशाबा’ म्हणतो आणि पुढे काही जोडत नाही. राजाराम कॉलेजात शिकलेला, १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आलेला पैलवान, दुसरा कोण असणार? पण दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलात कुस्तीच्या स्टेडियमला नाव दिलंय ते ‘के. डी. जाधव’. बाहेरच्या पुस्तकांत, वर्तमानपत्रांत तेच येतं. तुमच्या ग्रंथात दोन लेखकांनी दोन नावांनी लिहिलं असेल, तर निष्काळजी सूचीत एका माणसाचे दोन होतील. हा धोका तीन सुलोचनांच्या नेमका उलटा आहे. इथे मुख्य नोंद ‘जाधव, खाशाबा दादासाहेब’, आणि ‘खाशाबा’ व ‘के. डी. जाधव’ दोन्हीकडून ‘पाहा’. मन म्हणतं ‘ख’खाली ठेवावं. मलाही तसंच वाटतं. पण त्यांनी स्वतः आडनाव सोडलं नव्हतं, आणि ग्रंथ उद्या कोल्हापूरच्या बाहेर जाणार आहे.

मानाच्या शब्दांचं काय करायचं? श्री, डॉ., कै. हे सरसकट काढायचे असतात. पण काही मानाचे शब्द नावात विरघळून जातात. पन्हाळ्यावर जन्मलेले मोरोपंत, १७२९ ते १७९४. ‘पंत’ काढलं तर ‘मोरो’ उरतो, तो कुणाच्या ओळखीचा नाही. ‘पराडकर, मोरेश्वर रामजी’ इथे एक ‘पाहा’ आणि मुख्य नोंद ‘मोरोपंत’. ‘भालजी’मधला ‘जी’ तसाच, पण त्यांचं पेंढारकर हे आडनाव सतत बरोबर येतं म्हणून ते ‘प’खाली. ‘मास्टर विनायक’ला मी ‘विनायक, मास्टर’ असं उलटवते. लोक दोन्ही शब्द म्हणतात, पण शोधताना ‘विनायक’ धरतात. बाबूराव पेंटर मूळचे मेस्त्री. ‘पेंटर’ हा हुद्दा की आडनाव? त्यांचे नात्यातले भाऊ आनंदरावही पेंटरच म्हणवत, म्हणजे त्या शब्दाने आडनावाचं काम केलं. ‘पेंटर, बाबूराव’ करा. नुसतं ‘बाबूराव’ तर सिनेमाच्या प्रकरणात चालणारच नाही, तिथे बाबूराव पेंढारकरही आहेत. या बाबतीतलं माझं सर्वांत आवडतं उदाहरण मात्र ब्रह्मदेशातलं. संयुक्त राष्ट्रसंघाचे १९६१ ते १९७१ पर्यंतचे सरचिटणीस उ थांट. पुष्कळ जण ‘उ’ला त्यांचं पहिलं नाव समजून ‘थांट, उ’ असं लिहितात. ‘उ’ म्हणजे आपल्याकडचं ‘श्रीयुत’. त्यांचं नाव ‘थांट’, बस्स, एवढंच.

बालगंधर्वांबद्दल शंका नको. नारायण श्रीपाद राजहंस, १८८८ ते १९६७, हे कंसात. मुख्य नोंद ‘बालगंधर्व’. कवींचंही तसंच: केशवसुत, कुसुमाग्रज, बालकवी, ग्रेस, सगळे टोपणनावाखाली. फक्त ‘अनिल’ आणि ‘बी’ यांच्यापुढे ‘(कवी)’ लिहा, नाहीतर पान चाळणाऱ्याला ती छापायची चूक वाटते. संतांना आडनाव लावायचा विचारही मनात आणू नका.

आता फुटबॉल, आणि इथे मी जरा रमणार आहे. विश्वचषक आला की आपल्या पेठांतून ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, चौकाचौकांत पुरुषभर उंचीची चित्रं उभी राहतात. तुमच्या ग्रंथात हे येणारच. मेस्सी आणि मॅराडोना ही आडनावं आहेत. ‘मेस्सी, लिओनेल’ आणि ‘मॅराडोना, दिएगो’. पेले हे आडनाव नाही. एडसन आरांतेस दो नासिमेंतो, १९४० ते २०२२, ही त्यांची कागदावरची ओळख. ‘पेले’ हे पोरवयात मिळालेलं नाव, पुढे तीन विश्वचषक त्याच नावाने जिंकले. गारिंशा हे एका छोट्या पक्ष्याचं नाव, माणूस मानुएल फ्रान्सिस्को दोस सांतोस. काका हे तर धाकट्या भावाला ‘रिकार्दो’ म्हणता येईना म्हणून पडलेलं. सोक्रातेस मात्र खरंच सोक्रातेस, वडिलांनी ठेवलेलं. नेमारही पाळण्यातलंच नाव, म्हणून ‘न’खाली.

हे सगळं आपल्याला परकं का वाटत नाही? ब्राझीलमध्ये सिल्वा आणि सांतोस ही आडनावं आपल्याकडच्या पाटील-जाधवांइतकी झाली आहेत. एका संघात तीन सिल्वा असले तर हाक कशी मारणार? आपल्या तालमीत एका वेळी चार संभाजी असतात, त्यांतले दोघे पाटील. तिथे टोपणनावं लागतातच, आणि मैदानावर पास मागताना दोन अक्षरांपेक्षा मोठं नाव उपयोगाचं नसतं. ब्राझीलवाल्यांनी तेच नाव सरळ अधिकृत यादीत आणि पाठीवर छापलं. रोनाल्डोचं बघा. १९९६ च्या ऑलिंपिकला संघात वयाने मोठा दुसरा रोनाल्डो होता, म्हणून हा ‘रोनाल्डिन्यो’, म्हणजे छोटा रोनाल्डो, या नावाने खेळला. पुढे खरोखरच दुसरा रोनाल्डिन्यो आला, तो ‘रोनाल्डिन्यो गाऊशो’, आणि हा परत रोनाल्डो. १९९६ सालच्या बातमीतला रोनाल्डिन्यो आणि २००२ सालच्या बातमीतला रोनाल्डिन्यो ही दोन वेगळी माणसं आहेत. म्हणूनच म्हणते, आधी साल बघा.

एक तांत्रिक गोष्ट सांगून फोटोकडे वळते. यादी एक्सेलमध्ये घालून क्रम लावाल, तेव्हा ‘ज्ञानेश्वर’ ‘ज’खाली जाईल आणि ‘क्ष’ने सुरू होणारी नावं ‘क’खाली. संगणकाच्या लेखी ज्ञ म्हणजे ज आणि ञ, क्ष म्हणजे क आणि ष. मुळाक्षरं पाठ केलेला वाचक मात्र त्यांना ‘ह’, ‘ळ’च्या पुढे शेवटी शोधतो. तुमचा ग्रंथ घराघरांत जाणार आहे, त्यामुळे शेवटीच ठेवा, आणि सूचीच्या डोक्यावर एका ओळीत तसं सांगा. सगळा क्रम हाताने, डोळ्यांनी तपासायला दोन दिवस राखून ठेवा.

फुटबॉल संघाचा तो फोटो. टोपणनावांखाली खरी नावं नाहीत म्हणून तो सूचीतून गाळू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. फोटोची मोठी प्रत काढा, त्यावर बटर पेपर ठेवून प्रत्येक डोक्याची बाह्यरेषा काढा आणि आत आकडे घाला. मग त्या काळचे जे खेळाडू, पंच, प्रेक्षक हयात असतील त्यांच्याकडे एकेकट्याकडे जा. कट्ट्यावर सगळे एकत्र असताना विचारू नका. एक ठामपणे बोलला की बाकीचे मान हलवतात. आधीच्याने काय सांगितलं ते पुढच्याला सांगू नका. दोघांनी स्वतंत्रपणे तेच नाव सांगितलं तर ते पक्कं धरा. एकानेच सांगितलं तर ‘सांगण्यावरून’ असं लिहा. ज्याचं काहीच कळलं नाही त्याची नोंद टोपणनावानेच करा, पुढे ‘फुटबॉलपटू’, संघाचं नाव आणि फोटोचं पान. तो त्या नावाने खेळला आणि लोकांनी त्याला त्याच नावाने खांद्यावर घेतला, तेव्हा तेवढ्या नावावर त्याचा सूचीतल्या जागेचा हक्क आहे.

काही टोपणनावं मात्र रंगावरून, व्यंगावरून, जातीवरून पडलेली असतात. मैदानावर ती हसत हसत घेतली गेली असतील, पण छापलेल्या पानावर त्याच्या नातवाने ती वाचायची आहेत. अशा वेळी घरी जाऊन विचारा. एका पुस्तकाच्या वेळी मी अशीच एका घरी गेले होते. खेळाडू जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या पत्नीने टोपणनाव ऐकलं आणि म्हणाल्या, ‘मला ते कधी आवडलं न्हाई. पण मैदानात त्यांना दुसऱ्या नावानं कोण ओळखत नव्हतं. दोन्ही लिवा, आमचं नाव आधी.’ त्यांनी सांगितलं तसंच छापलं, घरचं नाव मुख्य आणि टोपणनावाकडून ‘पाहा’. घरचे नको म्हणाले तर टोपणनाव गाळायचं, त्यात वाद घालायचा नाही.

ही फेरी मात्र ग्रंथाची बाकीची कामं बाजूला ठेवून याच महिन्यात करा. त्या फोटोतली माणसं आणि त्यांना ओळखणारी माणसं आता ऐंशीच्या घरात असतील. कळलेली नावं मूळ फोटोच्या मागे लिहून ठेवणार असाल तर मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने, कडेच्या पांढऱ्या पट्टीमागे लिहा. बॉलपेनाने लिहू नका, त्याचा वळ चेहऱ्यांवर उमटतो.